इव्हॅक्युएशनला मराठीत काय म्हणायचं? (पाटी छापायला जायची आहे!)

पाटीकरीण | सोम, १०:४२

मंडळी, एका बारा मजली कार्यालयाच्या सुरक्षा सूचना मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. 'लिफ्ट वापरू नका', 'जिन्यात सामान ठेवू नका' वगैरे पटापट झालं. गाडी अडली ती एकाच शब्दावर. इव्हॅक्युएशन. मूळ मजकुरात तो सतरा वेळा आलाय (मोजले!). इव्हॅक्युएशन प्लॅन, इव्हॅक्युएशन रूट, इव्हॅक्युएशन ड्रिल, इव्हॅक्युएशन चेअर, आणि भोंग्यानंतर वाजणारी सूचना, 'प्लीज इव्हॅक्युएट द बिल्डिंग'.

आधी 'स्थलांतर' लिहिलं. पण 'स्थलांतर मार्ग' वाचल्यावर फ्लेमिंगोच डोळ्यांपुढे आले. 'निर्वासन' लिहिलं तर छावण्या आणि तंबू. 'निष्कासन' म्हटलं की बेकायदा बांधकाम पाडायला आलेलं पथक. 'विस्थापन' तर धरणाखाली जमीन गेल्यासारखं. 'रिक्तीकरण' मी स्वतःच बनवलं आणि स्वतःच घाबरून खोडलं.

शुक्रवारपर्यंत मजकूर द्यायचाय. तुम्ही रोजच्या बोलण्यात काय म्हणता?

निवांत | सोम, १०:५१

आम्ही 'पळा!' म्हणतो.

खडूस | सोम, ११:०५

पहिल्याच प्रतिसादात धागा संपला. :) पण निवांतराव, नेमकं 'पळा' हेच म्हणायचं नसतं. चालत, रांगेत, न ढकलता. अर्धी दुर्घटना पळण्यानेच होते.

ताई, सरळ 'इमारत खाली करा' लिहा. सगळ्यांना कळतं.

अर्धविराम | सोम, ११:१२

खडूस, 'खाली करा' हिंदी झालं. मराठीत इमारत खाली कशी करणार? वर बांधलीये ती.

खडूस | सोम, ११:१४

भाषाशुद्धीचा भोंगा वाजला. सर्वांनी धागा खाली करावा.

उंबरठा | सोम, ११:४०

जरा मुळाशी जाऊ. लॅटिन 'व्हॅक्युअस' म्हणजे रिकामा. त्याला 'बाहेर' दाखवणारा उपसर्ग लागून 'इव्हाक्युआरे' झालं, म्हणजे आतलं बाहेर काढून रिकामं करणं. व्हॅक्युम क्लीनरमधला व्हॅक्युम याच घराण्यातला.

म्हणजे मुळात हे क्रियापद जागेचं आहे, माणसांचं नाही. इमारत इव्हॅक्युएट होते. 'माणसं इव्हॅक्युएट केली' म्हणजे खरं तर माणसं आतून रिकामी केली! इंग्रजीतले जुन्या वळणाचे भाषाशिक्षक या वापरावर नाक मुरडत असत. आता तो इतका रुळलाय की कुणी अडवत नाही, पण आपली अडचण तिथूनच सुरू होते. इंग्रजीत एकच क्रियापद जागेलाही चालतं, माणसांनाही चालतं, आणि 'वी इव्हॅक्युएटेड' म्हटलं की स्वतःलाही चालतं. मराठीत या तीन वेगळ्या क्रिया आहेत. जागा आपण रिकामी करतो, माणसं हलवतो किंवा बाहेर काढतो, आणि स्वतः बाहेर पडतो. या तिघांना एका नामात कोंबायला गेलं की 'रिक्तीकरण' जन्माला येतं.

डॉ. रिकामटेकडे | सोम, १२:२२

उंबरठा यांनी ज्याला चूक म्हटलं, माणसं आतून रिकामी करणं, तोच या शब्दाचा सर्वांत जुना इंग्रजी अर्थ आहे. :) आधी पोट साफ करणं, मग सैन्याने ठाणं सोडणं, आणि नागरिकांना सुरक्षित जागी नेणं हा अर्थ रुळला तो थेट विसाव्या शतकात. आम्ही डॉक्टर लोक अजूनही पहिल्याच अर्थात रमलोय.

रुग्णाला 'इव्हॅक्युएशन झालं का?' असं कुणी विचारत नाही अर्थात. 'पोट साफ झालं का?' इतकंच. पण कागदावर बॉवेल इव्हॅक्युएशन असतं. एकदा एका तपासणीपूर्वीच्या सूचनांचा मराठी तर्जुमा माझ्या हातात पडला होता. कुठल्या तरी यंत्राने केलेला असावा. त्यात लिहिलं होतं, 'आदल्या रात्री आतड्यांचे सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे.'

त्या रुग्णाने अत्यंत गांभीर्याने विचारलं, 'डॉक्टर, कुठे?'

निवांत | सोम, १२:२५

खिक्! दिवस सार्थकी लागला.

मीच ती | सोम, १२:३१

ऑफिसात हसले आणि साहेबांनी मान वर करून पाहिलं. आता मलाच बाहेर पडण्याचा मार्ग शोधावा लागेल.

डॉ. रिकामटेकडे | सोम, १२:४८

गंमत सोडून एक पुरवणी. डोक्याला मार लागून कवटीत रक्त साकळतं, ते शस्त्रक्रियेने काढतात, त्यालाही 'हेमॅटोमा इव्हॅक्युएशन' म्हणतात. इथे रिकामं काय होतं? कवटी नव्हे, देवाच्या कृपेने! बाहेर निघते ती गाठ. म्हणजे भांडं आणि भांड्यातली वस्तू यांचा घोळ वैद्यकातही आहेच. तेव्हा 'माणसं इव्हॅक्युएट केली' म्हणणाऱ्या वार्ताहराला एकट्याला फासावर चढवू नका.

पाटीकरीण | सोम, १३:०२

डॉक्टर _/\_

मग इव्हॅक्युएशन चेअरचं मी काय करू? आता ती लिहिताना भलतीच खुर्ची डोळ्यांपुढे येतेय.

तिरकस | सोम, १३:०४

कमोड.

संस्कृतप्रेमी | सोम, १४:१९

मला वाटतं तत्सम शब्दांना आपण उगाच घाबरतो. पोट साफ होण्याला आयुर्वेदात 'विरेचन' आहे. अॅरिस्टॉटलच्या कॅथार्सिसलाही, म्हणजे शोकांतिका पाहून मनाचा निचरा होण्यालाही, आपल्या समीक्षकांनी तोच शब्द वापरला, म्हणजे त्याने नाट्यगृहापर्यंत मजल मारली. नळीतली हवा काढून टाकणं हेही इंग्रजीत इव्हॅक्युएटच. गच्चीवरच्या सौर हीटरमध्ये इव्हॅक्युएटेड ट्यूब असते ना, दुहेरी काचेची? दोन काचांमधली हवा काढलेली असते म्हणून उष्णता बाहेर निसटत नाही. त्याला मराठीत 'निर्वात नळी' हा किती सुंदर शब्द आहे!

मग माणसांनी बाहेर पडण्याला 'निष्क्रमण' का नको? क्रम् म्हणजे पाऊल टाकणं. निष्क्रमण म्हणजे पाऊल बाहेर टाकणं. अर्थ चोख आहे, आणि त्यात घबराट नाही.

खडूस | सोम, १४:२६

आग लागल्यावर लेखाविभाग निष्क्रमण करतोय! सिद्धार्थ गौतमाने केलं ते महाभिनिष्क्रमण. आमचे हेडक्लार्क डबा विसरला म्हणून परत वर जातील. (ह.घ्या.)

अर्धविराम | सोम, १४:३३

निष्क्रमण वाईट नाही हो. पण 'निष्क्रमण खुर्ची'?

जुना पंखा | सोम, १६:५०

तुम्ही सगळे कोशात शोधताय, म्हणून सापडत नाहीये. जुन्या बोलीत या गोष्टीला शब्द होते, फक्त ते नाम नव्हते.

साथ आली, धाड आली, पाणी आटलं, की 'गाव उठायचा'. 'त्या साली गाव उठला' एवढ्या चार शब्दांत सगळं येतं. माणसं गेली, घरं रिकामी राहिली, परतायचं नक्की नव्हतं. कुणी जबरदस्तीने काढलं तर 'गाव उठवला'. उठणं आणि उठवणं. तुमच्या इंग्रजी शब्दाला जे जमत नाही, म्हणजे आपण गेलो की आपल्याला घालवलं, ते मराठीत एका 'व'मध्ये होतं.

सैन्य निघालं की 'तळ उठला'. जीव वाचवायला वाट फुटेल तिकडे गेले ते 'परागंदा' झाले. बाडबिस्तरा आवरून गेले त्यांनी 'गाशा गुंडाळला'. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिराशी असायचं ते कापड, ते गुंडाळलं की मुक्काम संपला. रंग बघून हळूच सटकला त्याने 'काढता पाय घेतला'. प्रत्येकात निघण्याची तऱ्हा वेगळी. आणि तुम्ही सगळ्यांना एकच कागदी टोपी घालायला निघालात.

पाटीकरीण | सोम, १७:१०

काका, दंडवत. पण 'भोंगा वाजताच कृपया गाशा गुंडाळावा' असं कसं छापू हो?

जुना पंखा | सोम, १७:१८

का नको? निदान लोक वाचतील तरी. पण तुमच्या कामात मात्र गाशा गुंडाळायचा नसतो, तो तिथेच टाकून यायचं असतं. म्हणजे तो शब्द बादच.

ढगातली | सोम, २१:३७

जुना पंखा काकांचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले. मी अनेक वर्षं विमानात केबिन क्रू होते. आमच्याकडे उतरणं आणि इव्हॅक्युएट करणं यांत जमीनअस्मानाचा फरक. उतरताना तुम्ही बॅग काढता, फोन चालू करता, पुढच्याच्या पाठीला लागून उभे राहता. इव्हॅक्युएशनची आज्ञा झाली की घसरगुंड्या उघडतात आणि सामान तिथेच राहतं. सगळं. पासपोर्टसुद्धा.

विमानाला मान्यता मिळवताना दाखवून द्यावं लागतं की पूर्ण भरलेलं विमान, निम्मीच दारं वापरून, ९० सेकंदांत रिकामं होतं. एअरबस ए३८० ची चाचणी २००६ मध्ये झाली. ८५३ प्रवासी आणि २० कर्मचारी ७८ सेकंदांत बाहेर, तेही अंधुक उजेडात.

पण खरी परीक्षा वेगळीच. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारं प्रवासी विमान धावपट्टीवरच्या तटरक्षक दलाच्या विमानाला धडकलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले. प्रवासी विमान पूर्ण जळालं, पण त्यातले ३७९ च्या ३७९ बाहेर आले. आतली घोषणायंत्रणा बंद पडली होती. कर्मचाऱ्यांनी मेगाफोनवरून आणि घसा ताणून काम केलं.

आता ताई, तुमच्या प्रश्नासाठी मुद्द्याचं. 'इव्हॅक्युएट' हा शब्द आमच्यासाठी असतो, कर्मचाऱ्यांसाठी. तो कानावर पडला की आम्हाला कळतं, आता कोणती कामं कोणत्या क्रमाने. प्रवाशांना आम्ही ओरडून सांगतो ते असं: पट्टे सोडा! सामान टाका! इकडे या! उडी मारा! प्रत्येक आज्ञेत क्रियापद असतं. नाम ऐकून कुणी हलत नाही.

उंबरठा | सोम, २१:५५

'नाम ऐकून कुणी हलत नाही.' आख्ख्या धाग्याचं सार एका ओळीत. +१

फायरवाला | मंगळ, ०८:१५

थोडं माझं क्षेत्र आहे म्हणून बोलतो. 'बाहेर पडा' यावर सगळ्यांचं एकमत होताना दिसतंय, त्याला माझा विरोध आहे.

इव्हॅक्युएशन म्हणजे दर वेळी बाहेर नव्हे. रुग्णालयात अतिदक्षता विभागातल्या माणसाला जिन्यावरून रस्त्यावर आणणं हाच धोका असतो. तिथे त्याला खाटेसकट त्याच मजल्यावर, आगरोधक दारापलीकडच्या कप्प्यात नेतात. याला आडवं इव्हॅक्युएशन म्हणतात. त्सुनामी येत असेल आणि टेकडी लांब असेल तर जवळच्या मजबूत इमारतीत वर चढायचं, ते उभं इव्हॅक्युएशन. उंच इमारतीत एकदम सगळ्यांना उतरवलं तर जिने तुंबतात, म्हणून बरेचदा आग लागलेला मजला आणि त्याच्या वरचा मजला आधी, बाकीचे नंतर. तोवर बाकीच्यांनी आहे तिथे सज्ज राहायचं.

आणि रासायनिक वायुगळतीत उलट आदेश येऊ शकतो. आतच राहा, दारं-खिडक्या लावून घ्या.

तेव्हा मूळ कल्पना 'बाहेर' नाही. मूळ कल्पना 'धोक्यापासून दूर, ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या जागी' अशी आहे. लोकांना फक्त 'बाहेर' सांगितलं तर ते ज्या दाराने सकाळी आत आले त्याच दाराने बाहेर जायला बघतात. शेजारी हिरवी पाटी लखलखत असली तरी. हे कवायतीत दर वेळी दिसतं.

(आणि तिरकस, इव्हॅक्युएशन चेअर म्हणजे चालता न येणाऱ्या माणसाला जिन्यावरून सरकवत उतरवायची पट्ट्यांची खुर्ची. एकदा बसून बघा, पुन्हा थट्टा करणार नाही.)

तिरकस | मंगळ, ०८:४०

माफी. मनापासून.

सुशी_सान | मंगळ, ०९:२८

फायरवाला म्हणतात ते जपानी शब्दात थेट आहे. त्यांचा शब्द 'हिनान'. पहिलं अक्षर टाळणे, दुसरं संकट. जागेचाही उल्लेख नाही, माणसांचाही नाही. संकट चुकवणं, बस. वर जा, खाली जा, आडवे जा.

त्यांनाही शब्दांनी छळलंच. तिथे प्रशासनाच्या दोन पायऱ्या होत्या, हिनान 'शिफारस' आणि हिनान 'आदेश'. लोकांना फरक कळेना. शिफारस आली की लोक म्हणत, अजून वेळ आहे, आदेश आल्यावर बघू. शेवटी मे २०२१ मध्ये शिफारस ही पायरीच काढून टाकली. शब्द कमी केला म्हणजे माणसं लवकर निघतील, असा सरळ विचार.

अर्धविराम | मंगळ, ०९:४१

भाषेतला शब्द इव्हॅक्युएट केला म्हणा की.

मीच ती | मंगळ, १०:०३

अवांतर: रशियन शिकत असताना 'एव्हाक्वातर' ऐकून मी दचकले होते. म्हटलं, युद्ध सुरू झालं की काय. नंतर कळलं, चुकीच्या जागी लावलेली गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकला ते असं म्हणतात. आणि स्पॅनिशमध्ये तर 'शंका इव्हॅक्युएट करणे' म्हणजे शंकानिरसन! शिक्षिकेने पहिल्या तासाला विचारलं होतं, कुणाला काही इव्हॅक्युएट करायचंय का. डॉक्टरांचा प्रतिसाद तेव्हा वाचला असता तर मी वर्गातून उठूनच गेले असते.

डॉ. रिकामटेकडे | मंगळ, १०:०९

आपल्याकडेही लघुशंका असतेच की. निरसन दोन्हीकडे सारखंच.

खिडकीजवळ | मंगळ, ११:३०

इतिहासाकडे कुणी वळलं नाही म्हणून. हा शब्द जगभर घराघरात पोचला तो दुसऱ्या महायुद्धात. सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या काही दिवसांत ब्रिटनने शहरांतली सुमारे १५ लाख माणसं खेड्यांत हलवली. मुख्यतः शाळकरी मुलं, शिवाय लहानग्यांच्या आया आणि शिक्षक. गळ्यात नावाची चिठ्ठी, हातात गॅस मास्कचा डबा. त्या मुलांना 'इव्हॅक्युई' म्हणत. बॉम्ब काही लगेच पडले नाहीत, तेव्हा बरीच मुलं काही महिन्यांत परत घरी आली आणि ऐन बॉम्बवर्षावात घरीच सापडली.

मग फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं डंकर्क, जर्मन सैन्याने वेढलेलं. २६ मे ते ४ जून १९४०, सुमारे ३,३८,००० सैनिक समुद्रमार्गे सोडवले. लोक विजय साजरा करायला लागले, तेव्हा चर्चिलने संसदेत बजावलं की इव्हॅक्युएशन करून युद्धं जिंकली जात नसतात. तिथे मराठीत काय घालाल? 'माघार' म्हटलं तर सुटकेचा भाग जातो, 'सुटका' म्हटलं तर माघारीचा. त्या वाक्याची धारच मुळी दोन्ही अर्थ एकत्र असण्यात आहे.

आपल्याशी संबंधित सर्वांत मोठं म्हणजे १९९०. इराकने कुवेत घेतल्यावर तिथले सुमारे १,७०,००० भारतीय मुख्यतः अम्मानहून विमानांनी परत आणले. त्याला मी सरळ 'सुखरूप परत आणलं' म्हणेन. तिथे ना काही रिकामं केलं, ना कुणी स्थलांतर केलं.

ढगातली | मंगळ, ११:५२

त्या फेऱ्यांबद्दल आमच्या सीनियर भरभरून बोलायच्या. दिवसामागून दिवस तेच विमान, तीच वाट. बायका मांडीवरच्या मुलाखेरीज काहीही न घेता चढलेल्या.

उंबरठा | मंगळ, १२:२०

यात एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे परत येणं. इव्हॅक्युएशन तात्पुरतं असतं, विस्थापन कायमचं. म्हणूनच पाटीकरीण यांना 'विस्थापन' खटकलं. प्रिप्यात आठवा. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे साधारण ३६ तासांनी, शेजारच्या प्रिप्यातची सुमारे ४९,००० माणसं बसमध्ये बसवून नेली. कागदपत्रं आणि थोडं खाणं घ्या, तीनेक दिवसांचा प्रश्न आहे, असं सांगून. ते शहर अजून रिकामं आहे.

तिथे शब्द इव्हॅक्युएशनच होता. पण जुना पंखा म्हणतात तसं, गाव उठला.

अर्धविराम | मंगळ, १४:०५

थट्टा बरीच केली, आता एक गंभीर. हा शब्द वाटतो तितका निरागस नाही.

१९४२ च्या फेब्रुवारीत रूझवेल्टच्या आदेशानंतर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० माणसांना घरातून उचलून तारेच्या कुंपणाआड ठेवलं. बहुसंख्य अमेरिकी नागरिक. सरकारी कागदांत त्याला 'इव्हॅक्युएशन' म्हटलं होतं. आणि पहिल्यांदा जिथे गोळा केलं, कुठे घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानावर, त्या जागांचं नाव 'असेंब्ली सेंटर'. आपल्या पार्किंगमधल्या हिरव्या पाटीवर 'असेंब्ली पॉइंट' असतं ना, त्याचंच भावंड.

त्याच वर्षी २० जानेवारीला बर्लिनच्या वान्झे भागात नाझी अधिकारी बसले. त्या बैठकीच्या इतिवृत्तात ज्यूंचं पूर्वेकडे 'एव्हाकुईरुंग' असा शब्द आहे. पूर्वेकडे काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

कुणी रिकामं करतंय आणि कुणाला, हे वाक्यातून गायब करण्याची सोय या नामात आहे. म्हणून मला जुना पंखा यांचं उठणं-उठवणं फार आवडलं. तिथे लपायला जागा नाही.

संस्कृतप्रेमी | मंगळ, १५:४४

हे वाचून मी अमरकोश काढला, कारण काहीतरी अंधुक आठवत होतं. दुसऱ्या कांडात वध या अर्थाच्या शब्दांची लांबलचक माळ आहे. प्रमापण, निबर्हण, निषूदन... आणि त्याच माळेत 'प्रवासन' आणि 'निर्वासन'.

म्हणजे 'घराबाहेर घालवणं' हा मारून टाकण्याचा सभ्य पर्याय म्हणून आपल्या पूर्वजांनीही वापरला होता. मी सकाळपर्यंत 'निर्वासन'च्या बाजूने दोन परिच्छेद लिहायच्या तयारीत होतो. खोडले.

तिरकस | मंगळ, १५:५०

मला इथे काहीच सुचत नाहीये. पहिल्यांदाच.

खिडकीजवळ | मंगळ, १६:२२

'निर्वासित'चीही गंमत नाही, वेदनाच आहे. २००५ मध्ये कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या लोकांना अमेरिकी माध्यमं 'रेफ्युजी' म्हणायला लागली. लोक भडकले. आम्ही याच देशाचे नागरिक, स्वतःच्याच देशात निर्वासित कसे? मग अनेकांनी 'इव्हॅक्युई' हा शब्द धरला. तोच शब्द, १९४२ मध्ये झाकण्यासाठी आणि २००५ मध्ये मान राखण्यासाठी.

आपल्याकडे 'पूरग्रस्त', 'वादळग्रस्त' बरं आहे. माणसावर काय आलं ते सांगतं, त्याला दुसऱ्या देशाचं करत नाही.

निवांत | मंगळ, १६:३०

मी 'पळा' म्हणून सटकलो होतो, परत येऊन बघतो तर काय धागा झालाय.

पाटीकरीण | बुध, १०:१५

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. रात्री दोनपर्यंत जागून सतराही जागा पुन्हा लिहिल्या. एक शब्द शोधत होते तोच सोडून दिला.

इव्हॅक्युएशन रूट: 'बाहेर पडण्याची वाट'. ('मार्ग' होता, 'वाट' केली. छोटं, लांबून वाचता येतं.)
ड्रिल: 'बाहेर पडण्याचा सराव'.
खुर्ची: 'जिना उतरवण्याची खुर्ची'. फायरवाला, ही तुमची.
प्लॅन: 'आणीबाणीत कोणी काय करायचं'. चक्क एवढंच.
तळमजल्यावरच्या रुग्णकक्षासाठी: 'रुग्णांना शेजारच्या सुरक्षित कक्षात हलवा'.
असेंब्ली पॉइंट: 'इथे जमा'.

भोंग्यानंतरची सूचना: 'काम थांबवा. सामान तिथेच ठेवा. जवळच्या जिन्याने बाहेर पडा.' तीन क्रियापदं, ढगातली ताईंच्या कृपेने. एक इव्हॅक्युएशन मात्र तसंच राहिलं. व्यवस्थापनाला विभागाचं नाव 'इव्हॅक्युएशन टीम' असंच हवंय, ओळखपत्रं आधीच छापून झालीत म्हणे.

फायरवाला | बुध, १०:४०

राहू द्या. ढगातली म्हणाल्या तेच, तो शब्द कर्मचाऱ्यांसाठी आहे. त्यांना तो पाठ असला म्हणजे झालं. 'जवळच्या जिन्याने' घातलंत हे फार चांगलं केलंत.

खडूस | बुध, १०:४४

'खाली करा' कुठेच नाही? मी निषेध म्हणून धाग्यातून निष्क्रमण करतो.

जुना पंखा | बुध, ११:३०

'इथे जमा' झकास. पुढे क्रियापद नाही तरी हुकूम आहे.

पाटीकरीण | तीन आठवड्यांनी, गुरु, १८:०५

धागा वर काढतेय, क्षमस्व. आज त्या इमारतीत पहिला सराव झाला. मला मुद्दाम बोलावलं होतं, मराठी सूचना कशा पोचतात ते बघायला.

भोंगा वाजला. मग ध्वनिमुद्रित सूचना सुरू व्हायला हवी होती. स्पीकरमधून नुसती खरखर. सगळे खुर्च्यांवर बसून एकमेकांकडे बघतायत. तेवढ्यात दारावरचे सुरक्षारक्षक काका जिन्यात आले आणि त्यांनी एकच आरोळी ठोकली, 'चला, सगळे खालीऽऽ!'

बारा मजले सहा मिनिटांत रिकामे. कोशातला एकही शब्द न वापरता.

खडूस | गुरु, १८:०९

खाली!!! मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो!

फायरवाला | गुरु, १८:२०

सहा मिनिटं म्हणजे छान. डोकी मोजली का? सगळे आले होते?

पाटीकरीण | गुरु, १८:३३

नाही. पाच जण कमी भरले. शोधायला गेलो तर तळघरातल्या स्टोअरमध्ये शांतपणे काम करत बसले होते. म्हणाले, आरोळी ऐकली की, पण आम्ही आधीच खाली होतो.